बेबीचा भोपळा, आप्पांचं कपाट

आमच्या घरात कुठलीही वस्तू बिघडली की आप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "टॉलरन्स किती ठेवला होता?" टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालेल तो. मग ते खिडकीचं दार असो, आईने शिवलेली उशीची खोळ असो, नाहीतर माझं अभ्यासाचं वेळापत्रक असो. आप्पा म्हणजे माझे वडील. चिंचवडच्या एका कंपनीत टर्नर होते. दिवसभर लेथवर लोखंडाचा केसाएवढा थर काढायचे आणि घरी आल्यावरही नजर तीच असायची. आई तांदळाची भाकरी थापायला बसली की हे समोर पाटावर बसून म्हणणार, "जरा ओव्हल आलीय बघ." ती ओव्हल भाकरी बरोबर त्यांच्याच ताटात पडायची. अशा घरात मी वाढले. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यात कुणी दुष्ट नाही, कुणी आळशी नाही, आणि निष्काळजी तर औषधालाही नाही. आमचं जे नुकसान झालं ते काळजी घेऊन घेऊन झालं.

आम्ही थेरगावात राहायचो, डांगे चौकातून आत, ताराक्काच्या चाळीत. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे पत्र्याची पडवी. ताराक्का मूळ गावची, पूर्वी तिथे तिचं शेत होतं, मग शेतात खोल्या उगवल्या. नदीपलीकडून एका फोर्जिंग कारखान्यातल्या, तापलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरचा दणका यायचा. कानाला तो कमी लागायचा, पायाला जास्त, आणि पाठोपाठ मांडणीवरची स्टीलची भांडी किणकिणायची. पाहुणे दचकायचे. आम्हाला तो दणका बंद पडला तरच जाग यायची. आणि काजळी. लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रीची ती बारीक काळी धूळ सगळ्यांवर सारखीच बसायची, देवांवर, दुधाच्या सायीवर, दोरीवरच्या पांढऱ्या शर्टांवर. ताराक्का म्हणायची, "आमच्या गावाला पावडर लावायची गरज न्हाई, हवाच लावून देती."

या काजळीत माझ्या आईने समुद्र सांभाळला होता. ती कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावची. लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेबरोबर वेताची एक टोपली घेऊन आली. टोपलीत शिंपले, कवड्या, दोन शंख, कालवांची खडबडीत टरफलं, आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक 'भोपळा'. भोपळा म्हणजे समुद्री साळूचं कवच. जिवंत असताना त्याला साळिंदरासारखे काटे असतात. मेल्यावर ते झडतात आणि आत हा पोकळ गोळा उरतो, लिंबाहून थोडा मोठा, भोपळ्यासारख्या फाका पडलेला, प्रत्येक फाकेवर बारीक टिंबांच्या ओळी, रंग फिकट जांभळा. उजेडाकडे धरला की टिंबाटिंबातून उजेड आत यायचा. लहानपणी मला तो दहीहंडीसारखा दिसायचा. पण मला तो हातात मिळायचा नाही. तो बेबीचा होता.

बेबी म्हणजे आईची धाकटी बहीण. मी तिला पाहिलेलं नाही. ओहोटीला खडकात हिंडताना तिला हा गोळा सापडला आणि तिने तो घरात कुणाला शिवू दिला नाही. आई लग्न होऊन निघाली तेव्हा मात्र एस.टी.च्या खिडकीतून तो आईच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "तुझ्याकडे असू दे. मी मागीन तेव्हा दे." पुढच्या आंब्यांच्या आत ती तापाने गेली. तिचा एकही फोटो नव्हता, त्या काळी त्या गावात फोटो काढायचे ते लग्नात किंवा थेट मेल्यावर, आणि तिच्या बाबतीत दोन्ही राहून गेलं. तेव्हा बेबी म्हणून जे काही होतं ते त्या टोपलीत होतं. आई दर रविवारी, तिसऱ्यांचं, त्या खायच्या शिंपल्यांचं, कालवण चुलीवर ठेवून, म्हणजे गॅसवर, पण ती चूलच म्हणायची, टोपली घेऊन बसायची आणि कोरड्या फडक्याने एकेक वस्तू पुसायची. पाण्याने कधी धुतलं नाही. "धुतलं की समुद्राचा वास जातो गो." मी हुंगून बघायचे. मला फडक्याचाच वास यायचा.

ताराक्का हे सगळं दारात उभी राहून बघायची. "सुमीची आई, ही टरफलं जपून काय करती? खाऊन झाल्याव बी ठेवायची?"

"ही खाल्लेली नव्हेत, ताराक्का."

"मंग तर आनिकच वंगाळ. न खाताच जपायची!"

माझ्या अकरावीच्या आसपास आप्पांच्या कंपनीत टाळेबंदी झाली. गेटला कुलूप लागलं आणि गेटबाहेर मांडव. सुरुवातीला आप्पा रोज मांडवात जाऊन बसायचे, मग मांडवातली माणसं पांगली आणि आप्पा घरी बसले. बसले म्हणजे काय, बसवेनाच त्यांना. भिंतीवरची दिनदर्शिका सरळ करायचे. ती आधीच सरळ असायची. सायकलची साखळी दर दिवसाआड उतरवून धुवायचे. एकदा आईच्या पोळपाटाखाली कागदाच्या घड्या घालून तो लेव्हलमध्ये आणला आणि दिवसभर तिला विचारत राहिले, "आता डुलत नाही ना?" संध्याकाळी सगळ्या चाळीतले पुरुष कामावरून यायचे, त्या वेळेला ते मागल्या बाजूला जाऊन उभे राहायचे. आई मला म्हणाली, "हात रिकामे झाले की माणूस आतून गंजतो, सुमे." मला तेव्हा गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि प्राणवायू एवढंच माहीत होतं.

मग एक दिवस काजळी पुसता पुसता आई सहज म्हणाली, "याला एक काचेचं कपाट असतं तर बरं होतं." तिने खरंच सहज म्हटलं की मुद्दाम, हे मी तिला कधी विचारलं नाही. आप्पा मात्र उठले, ते थेट ताराक्काच्या गोठ्यात गेले. तिथे त्यांनी पॅकिंगच्या लाकडाच्या फळ्या रचून ठेवल्या होत्या. आमच्या पट्ट्यात हे लाकूड म्हणजे कामगारांचा हक्काचा जंगलमाल. परदेशातून मशिनं यायची ती जाड फळ्यांच्या खोक्यांतून. खोकी फोडली की फळ्या रीतसर गेटपास घेऊन कामगारांच्या घरी. पलंग, मांडण्या, कोंबड्यांची खुराडी, सगळं त्याचंच. आमच्या चाळीत एका पाळण्याच्या बाजूला इंग्रजीत 'ही बाजू वर' असं छापलेलं होतं, आणि बाणही होता. आप्पांच्या फळ्या जरा खास होत्या. जड, तांबूस तपकिरी, रंधा मारला की रेशमासारख्या गुळगुळीत. आणि त्यांना एक आंबूस, नाकात शिरणारा वास होता. येणारा जाणारा हुंगून म्हणायचा, "वा राव! फॉरेनचा वास!"

आप्पांना सुतारकाम येत नव्हतं. त्यांना टर्निंग येत होतं, आणि त्यांनी लाकडावर तेच केलं. सुतार पेन्सिलीने रेघ मारतो. आप्पा व्हर्निअरने मोजायचे. बिजागरी बसवताना श्वास रोखायचे. शेजारचे एक काका म्हणाले, "आप्पा, शिंपल्यांचं कपाट करताय का विमानाचं इंजिन?" आप्पा म्हणाले, "धुळीचा कण बघितलात कधी? त्याला गॅप कळतो. माणसाला कळत नाही." दाराच्या कडेने त्यांनी रबराची पट्टी बसवली. कालवं खालच्या फळीवर, कवड्या वरच्या, आणि मधल्या फळीवर बेबीचा भोपळा. भोपळा गडगडू नये म्हणून भोसरीत एका मित्राच्या शेडमध्ये जाऊन त्यांनी पितळेची एक गोल कडी लेथवर टर्न करून आणली, भोपळ्याच्या बुडाच्या मापाची. भोपळा त्या कडीत असा बसला, की जणू जन्मल्यापासून तिथेच बसायचा बेत होता. दार लावलं की आतली हवा दबून एक हलका सुस्कारा यायचा आणि मग दार चिकटायचं. आप्पांनी पसंतीची चाचणी म्हणून आत पेटती उदबत्ती ठेवून दार लावलं. सगळी चाळ बघायला जमली. काचेआड धूर कोंडून पांढराफट झाला आणि बाहेर एक रेषही आली नाही. उदबत्ती आतच विझली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा कितीतरी महिन्यांनी हसले. त्यानंतर थोड्याच दिवसांत टाळेबंदी उठली आणि ते पुन्हा कामावर जायला लागले. आई म्हणायची, टाळं युनियनने उघडलं असेल, पण आप्पांना या कपाटाने उघडलं.

एक पावसाळा गेला. दिवाळीच्या साफसफाईला आईने कपाट उघडलं आणि म्हणाली, "गो सुमे, ही काजळी पांढरी कधीपासून झाली?" भोपळ्याच्या फाकांवर बारीक पांढरी भुकटी आली होती, मिठासारखी. पुसली, आठवडाभराने परत आली. पुसलं तिथला जांभळा रंगही फडक्यावर यायला लागला. मग कवड्यांची झिलई गेली, त्या हिवाळ्यातल्या ओठांसारख्या दिसायला लागल्या. कालवांना काही नाही. कालवं होती तशी ओबडधोबड, निवांत.

घरात उपचार सुरू झाले. आप्पांचं निदान सरळ होतं, कुठूनतरी हवा जातेय. त्यांनी रबराची पट्टी काढून दुप्पट जाडीची बसवली आणि सांध्यांत मेण भरलं. मी बारावी शास्त्राची विद्यार्थिनी, म्हणजे घराची शास्त्रज्ञ. मी सांगितलं ही बुरशी आहे, आणि आत डांबराच्या गोळ्या ठेवल्या. आता कपाट उघडलं की फॉरेन आणि सार्वजनिक मुतारी असा मिश्र वास यायचा. ताराक्काने कपाटाला डोळा लावून बघितलं आणि सांगितलं, "दिष्ट लागली. समद्या चाळीला बोलवून दावलंत ना? लागनारच." तिने कपाटाच्या दाराला बाहेरून लिंबू-मिरची बांधली. आज मागे वळून बघता मी एवढंच म्हणू शकते, की त्या सगळ्या प्रकरणातलं ते लिंबू हे एकमेव निरुपद्रवी आम्ल होतं. ते बाहेर होतं.

शेवटी मी ती भुकटी कागदाच्या पुडीत घेऊन कॉलेजात रसायनशास्त्राच्या सरांकडे गेले. सर सुपारी चघळत जर्नलं तपासत होते.

"हे काय? खायचा चुना आणलास का माझ्यासाठी?"

मी सांगितलं. त्यांनी पुडी नाकाशी नेली आणि सुपारी एका गालात सरकवली. "कशात ठेवता?"

"कपाटात. आप्पांनी केलंय. पॅकिंगच्या लाकडाचं."

"वास येतो त्याला?"

"फॉरेनचा येतो."

"आंबट?"

मी विचार केला. "हो. आंबटच."

"दार नीट लागतं?"

इथे माझी मान ताठ झाली. "सर, आत उदबत्ती लावली तरी बाहेर धूर येत नाही."

"अरेरे," सर म्हणाले.

मग त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. लाकूड कापून वाळवलं तरी ते हळूहळू आंबट वाफ सोडत राहतं, व्हिनेगरसारखी; काही लाकडं फार सोडतात. उघड्यावर ती उडून जाते. आमच्याकडे तिला जायला आप्पांनी जागाच ठेवली नव्हती. तिच्यात दमट हवा मिळाली, न धुतलेल्या शिंपल्यांवरच्या समुद्राच्या मिठाने ती ओल धरून ठेवली. शिंपला म्हणजे चुन्याचा दगड. आंबट आणि चुना एकत्र आले की चुना विरतो आणि वर पांढरा क्षार उरतो, हे मला नववीपासून पाठ होतं.

"पण भोपळाच का आधी, सर? कालवांना काहीच नाही."

सरांनी फळ्यावर गोलांच्या ओळी काढल्या. मग मधले मधले काही गोल पुसून तिथे लहान गोल काढले. "मोठे कॅल्शियमचे. लहान मॅग्नेशियमचे. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर, तेव्हा तुझा हा प्राणी अंग बांधताना तेही घेतो. पाणी कोमट असेल तर आणखी घेतो. पण जागा मापली गेलीय कॅल्शियमसाठी. लहान गोल तिथे बसतो, पण ओळ ओढली जाते. ताण राहतो."

"टॉलरन्स," मी पुटपुटले.

"काय?"

"काही नाही सर."

"समुद्रात तो ताण चालून जातो. भोवतालच्या पाण्यात तेच सगळं भरलेलं असतं, त्यामुळे सुटून जायची घाई नसते. बाहेर आणून आंबट दाखवलंत की जिथे ताण तिथे आधी सुटतं. कवड्यांची बांधणी वेगळी, त्या जरा दम धरतील. कालवांचा चुना साधा, मॅग्नेशियम नावाला. ती तुमच्या नातवंडांनाही पुरतील."

"आणि उपाय?"

"बाहेर काढा. लाकडापासून लांब, कोरड्या जागी ठेवा. राहिलंय ते राहील कदाचित." सरांनी डस्टर उचललं. "गेलंय ते येत नाही. आणि वडलांना सांग, कपाट फार उत्तम केलंय. तेवढीच चूक आहे."

आता मी स्वतः गेली कित्येक वर्षं हेच शिकवते. नळावर जमणारा आमच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर दाखवते, खडूवर लिंबू पिळते, फळ्यावर मोठे-लहान गोल काढते. मागच्या बाकावरून एखादी विचारते, "मॅडम, हे पेपरला येतं का?" नाही येत. मीही ते सांगून टाकते.

त्या दिवशी सरांकडून घरी आले तेव्हा आई मोरीशी बसून तिसऱ्या धूत होती. मी सरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, गोलांसकट. तिने मॅग्नेशियमबद्दल काही विचारलं नाही. हातातली तिसरी पाण्यात सोडून ती म्हणाली, "म्हणजे कपाटाने खाल्ला."

"हो."

"आणि वाचवायला म्हणून आणखी मेण भरलं ते..."

"त्याने जास्त."

तिने बराच वेळ तिसऱ्या चाळवल्या. हॅमर दोन-तीनदा पडला. मग म्हणाली, "त्यांना सांगायचं नाही."

"आई, भोपळा जाईल."

"टाळेबंदीच्या दिवसांत तू कॉलेजात असायचीस. मी घरी होते. माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा, सुमे. त्या कपाटाने मला तो परत दिला. आता त्याला सांगू की तुझ्या हाताने बेबी..." तिने वाक्य सोडून दिलं. "तू शिकतेस ना? मग दुसरं काहीतरी काढ."

मी दुसरं काहीतरी काढू शकले नाही. मग आईनेच काढलं. पहिल्यांदा तिने नुसतं दार किलकिलं ठेवायला सुरुवात केली. आप्पा यायचे, चपला काढायच्या आधी दार बघायचे आणि दाबून लावायचे. "दार उघडं राहिलंय गो, धूळ जातेय." दोन दिवसांनी त्यांना वाटलं दाराची कडीच सैल झाली, त्यांनी आतून लोहचुंबक बसवलं. आता दार आपण होऊन मिटायचं. एकदा आईने भोपळा काढून स्टीलच्या डब्यात ठेवला, तर आप्पा रिकाम्या कडीकडे बघत उभे राहिले. "आवडली नाही का कडी? मोठी झाली का? कमी करून आणू?" त्यांचा चेहरा बघून तिने भोपळा मुकाट्याने परत ठेवला.

मग भोपळ्याला शिफ्ट लागली. आप्पा फर्स्ट शिफ्टला गेले की आई भोपळा बाहेर काढून तांदळाच्या डब्यामागे कापसावर ठेवायची; कंपनीचा सुटीचा भोंगा झाला की परत कडीत. आप्पांची सेकंड शिफ्ट असली की भोपळा दुपारी सुटायचा. आप्पांना ओव्हरटाइम लागला की आई खूश. सणाची सुटी आली की ती खिन्न, कारण मग भोपळा दिवसभर आत. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, या बाईला नवरा घरी नको आहे. ताराक्काला तसं वाटलंही. "भोंगा वाजला की तुजं तोंड उतरतं गं. काय भांडान हाय का?" आई म्हणाली, "न्हाई वो, कुकर लावायचा राहतो." ताराक्काशी बोलताना ती ताराक्कासारखी बोलायची. मी हे सगळं बघत होते आणि मला कळत होतं की हे गणित जुळणारं नाही. आत अर्धा दिवस आंबट, बाहेर अर्धा दिवस काजळी, आणि मध्ये दोनदा आईची बोटं. पण शास्त्रज्ञाला कुणी विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तर काय सांगणार होते?

ते झालं तेव्हा मी परीक्षेच्या सुटीत घरी होते. भोंगा वाजला. आईने हात पदराला पुसले, डब्यामागून भोपळा उचलला आणि कपाटाकडे निघाली. कडीवर ठेवताना तो खाली बसला. म्हणजे फुटला असं मी म्हणू शकत नाही. फुटण्याला काहीतरी आवाज असतो. तो नुसता खाली बसला, रव्याचा लाडू बसतो तसा. पितळेच्या कडीत थोडी भुकटी, थोड्या फाका, आणि आईच्या बोटांवर जांभळट पांढरं. तिने ओंजळ धरली, पण धरण्यासारखं काही नव्हतं. मी धावत जाऊन डिंकाची बाटली आणली. आईने माझ्याकडे असं बघितलं, की मी बाटली उघडलीच नाही.

ती तिथेच खाली बसली. भुकटी पदरात घेतली. बाहेर आप्पांची सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला. एवढ्या वेळात तोंड पुसून उठता आलं असतं, पण ती उठली नाही. आप्पा आत आले, सवयीने कपाटाकडे बघितलं, मग खाली.

"काय झालं?"

"हातातनं सुटला," आई म्हणाली.

आप्पा कंपनीच्या कपड्यांत कधी जमिनीवर बसत नसत, तेल लागतं म्हणून. त्या दिवशी ते तसेच तिच्या शेजारी बसले. त्यांनी तिच्या पदरातली एक फाक चिमटीत धरून बघितली, ती चिमटीतच विरली. "असू दे गो," ते म्हणाले. "लेथवरचा जॉब सुटतो कधी कधी. माझ्या हातनं किती सुटलेत. रडू नको." मग अगदी हळू, तिला लागू नये अशा बेताने म्हणाले, "पण तू तो बाहेर काढायचा कशाला? आत होता तोवर सुखरूप होता."

मी आईकडे बघितलं. माझ्याकडे सगळं होतं. वाफ, मीठ, मोठे गोल, लहान गोल. एक वाक्य पुरलं असतं. आईने माझ्याकडे न बघता माझ्या पायावर हात ठेवला आणि दाबला.

"होय," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

आप्पा उठले, कपाटाचं दार उघडं होतं ते नीट लावलं. चुंबक टक्‌ करून चिकटलं.

पुढच्याच रविवारी ते भोसरीला गेले आणि पितळेचा एक भोपळा टर्न करून घेऊन आले. लेथवर फाका पडत नाहीत. तेव्हा तो भोपळा कसला, बेअरिंगमधला गोळा दिसत होता. पण कडीत असा बसला की सूतभर हलला नाही. आई दर रविवारी तो पुसायची. बेबीची भुकटी तिने एका स्टीलच्या डबीत भरली आणि मला म्हणाली, "मागायला आली तर निदान डबी आहे." आणि हसली. मला त्या हसण्याचं काय करावं ते अजून कळलेलं नाही.

आई आता नाही. आप्पा माझ्याकडे मोशीला असतात. ब्याऐंशीचं वय, ऐकू कमी येतं, पण कुठली लिफ्ट मजल्याशी किती तिरकी थांबते ते त्यांना कळतं. कपाट हॉलमध्ये आहे. इथे हॅमर नाही आणि काजळी नाही, शेजारच्या इमारतींच्या बांधकामांची सिमेंटची धूळ आहे. आप्पांना दाराची काळजी करायला तेवढी पुरते. खालच्या फळीवर कालवं आहेत. त्यांना काही म्हणता काही झालेलं नाही. कवड्या खडूसारख्या झाल्या. पितळेच्या गोळ्यावर हिरवं चढतं, कारण कपाट अजून आपलं काम करतंच आहे. आप्पा दर काही दिवसांनी तो गोळा काढून चिंचेने घासतात आणि करवादतात, "हल्ली पितळच भेसळीचं."

परवा दुपारी मी पेपर तपासत बसले होते. आप्पा समोर चिंचेचा कोळ घेऊन गोळा घासत होते. घासता घासता थांबले.

"तुझी आई," ते म्हणाले, "हाताची किती नीट होती. तिच्या हातून कधी वाटी फुटली नाही. एकच वस्तू फुटली, आणि ती नेमकी बेबीची. बिचारीच्या मनातून ते कधी गेलं नाही बघ. मी कितीदा सांगितलं, सोडून दे. पण माणसाला स्वतःची चूक सुटत नाही."

माझा पेन तसाच राहिला. आता आई नव्हती माझ्या पायावर हात ठेवायला. तिच्या हातून काही फुटलं नव्हतं, हे सांगणारी जगात मी एकटी उरले होते. आणि समोर ब्याऐंशी वर्षांचा माणूस आपल्या हातांनी केलेल्या सगळ्यात चांगल्या वस्तूसमोर बसला होता. मी तोंड उघडलं. "आप्पा," मी म्हणाले.

"काय?" त्यांनी कान पुढे केला. "मोठ्याने बोल."

मोठ्याने सांगण्यासारखं ते नव्हतं.

"चमकतोय," मी मोठ्याने म्हणाले.

त्यांनी गोळा उजेडाकडे धरून बघितला, समाधानाने मान हलवली आणि कडीत ठेवला. "दार लाव," ते म्हणाले. "धूळ जातेय."

मी उठले आणि दार लावलं. आतल्या हवेचा तो हलका सुस्कारा ऐकू आला. त्यांना तो आता ऐकू येत नाही.